हेड बदललं तरी स्नेअर उतरतोच? जुन्या ड्रमसेटमध्ये दोष कुठे शोधायचा

जुना ड्रमसेट घरात आला की पहिल्या महिन्यात एक तक्रार ठरलेली. स्नेअर, म्हणजे सेटमधला खाली तारा असलेला ड्रम, सुरात लावला, खणखणीत वाजला, दोन गाणी झाली आणि आवाज पार भसाडा. ड्रमची चावी घेऊन पुन्हा लावा, पुन्हा तेच. दुकानात विचारलं तर उत्तर येतं, ‘हेड बदला.’ (हेड म्हणजे ड्रमवर ताणलेलं पान.) हेड बदललं की चार दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न. हाच प्रकार फ्लोअर टॉमवर, म्हणजे जमिनीवर उभ्या मोठ्या टॉम ड्रमवर होतो, कधी कधी बास ड्रमवरही. पण स्नेअर सगळ्यात जास्त मार खातो, म्हणून बोंब तिथून सुरू होते.

माझं मत सरळ आहे. वापरलेल्या सेटमध्ये सूर टिकत नसेल तर हेडवर सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा. आधी लोखंड बघायचं, म्हणजे हेड आवळणारे रॉड, त्यांचे आटे, वॉशर आणि हेड दाबून धरणारी गोल रिम. मग लाकूड, म्हणजे ड्रमचा गोल सांगाडा, शेल. मग स्नेअरच्या तारांचा खटका, म्हणजे खालच्या तारा ताणायची-सोडायची कळ. एवढं सगळं ठीक निघालं तर खुशाल हेडला पैसे घाला. बहुतेक लोक नेमका उलटा क्रम लावतात, कारण हेड बदलणं सोपं असतं आणि ते दुकानात मिळतं.

नाशिकमध्ये आणखी एक उत्तर फुकट मिळतं: ‘हवा आहे हो, पावसाळी.’ हे ढोलावरून आलंय. आपल्याकडे ज्याला त्याला ढोलाची थोडीफार माहिती असते आणि चामड्याचं पान ओल धरून सैल पडतं, हे पथकातलं शेंबडं पोरही सांगेल. पण ड्रमसेटची हेडं चामड्याची राहिलेली नाहीत. अमेरिकेत १९५६-५७ च्या सुमारास चिक इव्हान्स आणि रेमो बेली या ड्रमरनी पॉलिएस्टर फिल्मची, म्हणजे मायलारची हेडं बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत वासराच्या कातड्याचं हेड जवळपास हद्दपार झालं. ही फिल्म पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. उन्हाने ती सैलावते, हे खरं. मे महिन्यात मंडपाबाहेर उन्हात ठेवलेला टॉम खाली उतरणारच, आणि सावलीत आणला की बराचसा परत येणार. पण घरात पंख्याखाली वाजणारा स्नेअर श्रावणात रोज उतरत असेल तर त्यात श्रावणाचा दोष नाही. पावसाळा त्रास देतो तो लाकडाला आणि लोखंडाला, आणि तो हळूहळू, वर्षानुवर्षं.

आधी खूण करा, मग वाजवा

एक काळा मार्कर घ्या. स्नेअर नीट लावून घ्या आणि प्रत्येक रॉडच्या चौकोनी डोक्यापासून रिमवर जाईल अशी एक सलग रेघ मारा. डोक्यावर अर्धी, रिमवर अर्धी. सगळ्या रॉडना नंबर द्या. आता नेहमीसारखं तासभर वाजवा, मुद्दाम हळू नको आणि मुद्दाम जोरातही नको. मग रेघा बघा. निम्मं निदान इथेच होतं.

रेघ तुटली असेल, म्हणजे डोक्यावरचा अर्धा भाग सरकला असेल, तर तो रॉड फिरलाय. बहुतेक वेळा एक किंवा दोनच रॉड फिरलेले असतात आणि बाकीचे जागच्या जागी. आता स्नेअर स्टँडवर अर्धा फिरवा, म्हणजे तुमच्याजवळचे रॉड पलीकडे गेले आणि पलीकडचे जवळ आले. पुन्हा लावा, रेघा पुन्हा मारा, पुन्हा वाजवा. याही वेळी तुमच्याजवळचेच रॉड सैल झाले, नंबर मात्र वेगळे असतील, तर ड्रम निर्दोष आहे. तुमचे रिमशॉट ते काम करतायत. काठी रिमवर बसते त्या क्षणी तिथली रिम किंचित खाली दबते, रॉडवरचा ताण क्षणभर जातो आणि तेवढ्यात तो केसभर फिरतो. असं शेकडो वेळा झालं की अर्धा वेढा सुटलाच. नव्या कोऱ्या महागड्या स्नेअरवरही हे होतं.

पण स्नेअर फिरवल्यावरही तोच नंबर सैल झाला, म्हणजे समजा तीन नंबर जवळ होता तेव्हाही आणि पलीकडे गेला तेव्हाही, तर चोर सापडला. तो रॉड किंवा तो ज्यात बसतो तो लग, दोघांपैकी एक खराब आहे.

तिसरी शक्यता लोकांना गोंधळात टाकते. सगळ्या रेघा जुळलेल्या, एकही रॉड हललेला नाही, आणि आवाज तरी उतरलेला. मग रॉड घट्ट करत बसू नका. तिथे वॉशर, लाकूड, रिम, हेड किंवा तारांचा खटका बघायचा. त्याकडे पुढे येतो.

रिमशॉटवाल्यांसाठी इलाज स्वस्त आहे. जवळचे दोन रॉड पूर्ण काढा, आट्यांवर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळा आणि परत बसवा. चावीला जरा जड लागेल, पण मारामारीत हलणार नाही. बाजारात याच कामाचे प्लास्टिकचे छोटे लॉकही मिळतात, तेही चालतात. फेविक्विक मात्र नको. ते लावलेले सेट विकायला येतात आणि पुढच्या मालकाला रॉड कापून काढावे लागतात.

आट्यांची भानगड

दोषी नंबर सापडला की तो रॉड काढून शेजारच्या चांगल्या लगमध्ये घाला आणि शेजारचा इकडे. नुसत्या बोटांनी फिरवा, चावी नको. चांगला रॉड चांगल्या लगमध्ये बोटांनी शेवटपर्यंत जातो. आता दोष रॉडबरोबर गेला की लगमध्येच राहिला, ते बघा. रॉडबरोबर गेला तर एक रॉड आणायचा, संपलं. लगमध्ये राहिला तर आतल्या नटाचे आटे गेलेत.

इथे नाशिककर हमखास एक गोष्ट करतो. अंबडला किंवा सातपूरला ओळखीचं कोणीतरी असतंच, तिथून बोल्ट आणतो. औद्योगिक वसाहतीचं गाव आहे, मिळत नाही असा नटबोल्ट नाही. पण ड्रमच्या रॉडचा आटा आपल्या रोजच्या मेट्रिक मापात बसत नाही. पर्ल, तामा, यामाहा, लडविग अशा बहुतेक सेटवर १२-२४ नावाचा अमेरिकन आटा असतो. जाडी साधारण ५.५ मिलिमीटर आणि एका इंचात २४ आटे. म्हणजे तो पाच आणि सहा मिलिमीटरच्या बरोबर मध्ये पडतो. पाचचा बोल्ट त्यात खुळखुळतो, पकड घेतच नाही. सहाचा अर्धा-एक वेढा जातो आणि अडकतो. अडकला की माणूस पक्कड घेतो. पक्कड लावली की लगमधले आटे साफ, आणि मग तो सेट ‘चालू कंडिशन’ म्हणून विकायला निघतो. बऱ्याच सोनोर सेटवर मात्र मेट्रिक आटा असतो, त्यामुळे तिथे तामाचा रॉड घालायला गेलात तर उलटी फजिती.

तेव्हा रॉड मागवताना लांबी मोजा, आटा विचारा आणि एक चांगला रॉड नमुना म्हणून बरोबर न्या. लगमधला नट बहुतेक लगमध्ये सुटा असतो. लग शेलवरून उतरवला की तो बाहेर येतो आणि वेगळा मिळतो. नटच मिळाला नाही तर लेथवाल्याकडून पितळेचा नट करून त्यात सहाचा आटा पाडता येतो. पण मग तिथे षटकोनी बोल्ट येणार आणि तुमची ड्रमची चावी त्यावर चालणार नाही. फ्लोअर टॉमवर, नाइलाज म्हणून, मी ते मान्य करीन. स्नेअरवर नाही.

लग उतरवलाच आहे तर त्याला हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. हे लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, वरून क्रोमचा मुलामा. कुठे केसासारखी चीर दिसली तर तो लग गेला. त्याला वेल्डिंगवाला काही करू शकत नाही, नवा लग हाच उपाय. शेलच्या आतून लगचे जे स्क्रू असतात ते जुन्या सेटमध्ये निम्मे तरी ढिले निघतात. ते बेताने आवळा. लाकूड चेपेल इतकं आवळायचं नाही.

वॉशर हा विषय इतका क्षुल्लक वाटतो की कोणी बघतच नाही. प्रत्येक रॉडच्या डोक्याखाली वॉशर हवा. तो नसेल तर रॉडचं डोकं रिमच्या कानात रुतत जातं, आज लावलेला ताण उद्या कमी होतो, आणि रेघ मात्र जुळलेली दिसते. ऑर्केस्ट्राच्या सेटमध्ये दर कार्यक्रमाला घाईघाईत हेड बदलताना वॉशर सांडतात आणि तिथेच स्टेजवर राहतात. हार्डवेअरच्या दुकानात पाचचा वॉशर मागू नका, त्यातून रॉड जात नाही. सहाचा घ्या, बाहेरचा व्यास लहान असलेला. नायलॉनचा मिळाला तर फारच उत्तम, तो रॉडला थोडं धरूनही ठेवतो.

गंजलेला रॉड वेगळ्या तऱ्हेने फसवतो. चावीला तो घट्ट लागतो, आपल्याला वाटतं ताण आला, पण ती सगळी गंजाची घासाघीस असते, हेडपर्यंत काही पोचलेलंच नसतं. चार ठोके पडले की तो मोकळा होतो. रॉड काढून जुन्या टूथब्रशने घासा, कापडाने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. एकच थेंब. तेल गळून लाकडात गेलं तर दुसरंच दुखणं मागे लागेल.

लाकूड: ओट्यावरची तपासणी

रेघा जुळतात, वॉशर आहेत, तरी सूर उतरतो. मग दोन्ही हेडं काढा आणि शेल स्वयंपाकघरात न्या. घरात खरी सपाट जागा एकच असते, ग्रॅनाइटचा ओटा. स्वयंपाक आटोपल्यावर जा, नाहीतर सुरापेक्षा मोठे प्रश्न निर्माण होतील. ओटा कोरडा पुसा, शेल त्यावर उभा ठेवा, आत मोबाइलची बॅटरी लावून ठेवा आणि खोलीतला दिवा घालवा. आता डोळे ओट्याच्या पातळीवर आणून गोल फिरा. शेलची कड आणि ओटा यांच्यामधून उजेड कुठे झिरपतो का? उजेड दिसतो तिथे हेडला आधार नाही. तिथला रॉड तुम्ही इतरांपेक्षा जास्त आवळत असणार आणि तरी तिथला आवाज फुटकाच येत असणार.

एक सावधगिरी. स्नेअरच्या खालच्या कडेवर समोरासमोर दोन ठिकाणी उजेड दिसणारच. तिथून तारा बाहेर पडतात, म्हणून ती कड मुद्दाम थोडी खाली घेतलेली असते. त्या जागेला दोष समजून सुताराकडून कड ‘सारखी’ करून आणलेले स्नेअर मी बघितलेत. तारा मग आयुष्यभर खरखरतात आणि त्या स्नेअरला पुन्हा धड आवाज नाही.

कडेला बारीकशी ठेच लागलेली असेल तर ओट्यावर शंभर-दीडशे नंबरचा सँडपेपर सपाट चिकटवून शेल हलक्या हाताने गोल फिरवा, नंतर पांढरी मेणबत्ती कडेवर घासा. एवढंच घरी करावं. कडेचा उतार सहसा पंचेचाळीस अंशांचा असतो आणि तो हाताने कानस मारून जमत नाही. मोठा खड्डा असेल, थर सुटले असतील, तर ते लाकूड कोरणारं राउटर मशीन आणि ड्रमची जाण, दोन्ही असलेल्याचं काम.

शेलचा गोलपणाही मोजा. टेपने चार दिशांनी व्यास घ्या, बाहेरून बाहेर. एक-दोन मिलिमीटरचा फरक हेड पोटात घालतं, त्याहून जास्त असेल तर हेड एका बाजूला अडकतं. टेपपेक्षाही चांगली कसोटी आहे: रिम न लावता नुसतं हेड शेलवर ठेवायचं. ते स्वतःच्या वजनाने खाली बसलं पाहिजे आणि बोटाने गोल फिरलं पाहिजे. दाबून बसवावं लागत असेल तर काहीतरी गडबड आहे.

मखमलाबाद रोडवरून एक कॉलेजचा मुलगा असाच स्नेअर घेऊन आला होता. दोन हेडं बदलून झालेली, दोन्ही चांगल्या कंपनीची. म्हणाला, ‘दादा, आता जाड हेड टाकू का? दुकानवाले म्हणतात जाड टिकतं.’ म्हटलं, ‘थांब रे. आधी उघड.’ रिम निघाली, हेड निघेना. दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढलं तेव्हा फट्कन सुटलं आणि हेडच्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या कडीला आतून काळा डिंक लागलेला. बाहेरून मॅट काळा दिसणारा तो स्नेअर मुळात लाल चमकीचा होता. आधीच्या मालकाने त्यावर गाडीला लावतात तसला काळा विनाइल कागद चिकटवला होता, थेट वरच्या कडेपर्यंत, आणि जोड आला तिथे दुहेरी. दिसायला झकास. पण त्या जाडीमुळे हेडची कडी शेलला घासत होती. चावी फिरवली की कडी कुठेतरी अडकून राहायची, आवाज वर जायचा, आणि वाजवताना धक्क्यांनी ती हळूच खाली घसरायची. कडी घसरली की ताण गेला. रॉड कसा फिरणार, त्याचा दोषच नव्हता.

कटरने दोन्ही कडांपासून इंचभर कागद कापून काढला. डिंक निलगिरी तेलाने निघाला, घरभर सर्दी झाल्यासारखा वास. मग त्याला तेच हेड परत घालायला लावलं. ‘हेच? जुनं?’ ‘हेच.’ अलगद बसलं आणि फिरलं. तो स्नेअर अजून त्याच हेडवर वाजतोय.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण आपल्याकडे लग्नाच्या आणि ऑर्केस्ट्राच्या सेटना असे कागद सर्रास लावतात. ओरखडे झाकले जातात, बॅनरशी रंग जुळतो, विकताना नवं दिसतं. जुना सेट नको तितका चकाचक दिसला की कडेवर नख फिरवून बघा. जोड लागतो.

रिमसाठीही तोच ओटा. रिम आडवी ठेवून चारी बाजूंनी दाबा. टकटक झाली तर ती वाकलीय. टेम्पोत एकावर एक सेट रचून कसारा घाट चढ-उतर केला की रिमा वाकतात, त्यात नवल नाही. पत्र्याच्या साध्या रिमला थोडा बाक असेल तर खपून जातं, पण लंबगोल झालेली रिम सरळ बदला. हातोडीने गोल होत नाही, कोणी कितीही छातीठोक सांगो.

खटका आणि तारा

हे पटकन उरकतो. कधी कधी सूर उतरलेलाच नसतो. तारा आवळण्याचं बटण थरथरून आपोआप मागे फिरतं, तारा लोंबतात, आणि कानाला वाटतं स्नेअर उतरला. खटका बंद करून, म्हणजे तारा सोडून, वाजवून बघा. तसा आवाज पहिल्यासारखाच असेल तर हेडला हात लावू नका. बटणाच्या आट्यावरही तीच टेफ्लॉन टेप चालते. तारा ज्या दोरीने किंवा पट्टीने बांधतात ती ताणत असेल तर जुन्या फाटक्या हेडमधून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. मायलारची पट्टी ताणत नाही आणि फुकट पडते. टॉम वाजवल्यावर किंवा बासगिटार लावल्यावर तारा आपसूक थोड्या खरखरतात, तो दोष नाही, ते चालायचंच.

आता हेड

एवढं सगळं बघून झालं आणि दोष नाही सापडला, तर मग हेड. हलक्या प्रतीच्या हेडमध्ये फिल्म कडीतून सुटत येते. कडीजवळ पांढरट सुरकुती दिसते, कधी एकाच बाजूला. असं हेड कितीही आवळा, ते सरकतच राहणार. मधोमध काठीच्या खळग्या पडल्या असतील तरी ते संपलंय.

नवं घेताना वरचं आणि खालचं यात गल्लत नको. वरचं एकपदरी हेड सहसा १० मिलचं असतं, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. दोनपदरी असेल तर ७ मिलचे दोन पदर. स्नेअरचं खालचं हेड मात्र ३ मिलच्या आसपास, अगदी पातळ, आणि ते वेगळं मागावं लागतं. खाली वरचंच हेड घातलेले कितीतरी स्नेअर फिरतायत. मालक म्हणतो, ‘टिकतं.’ टिकतं खरं, पण तारा बोलत नाहीत.

बसवताना सगळे रॉड आधी बोटांनी टेकवा. मग समोरासमोरचे, ताऱ्यासारखे, अर्धा-अर्धा वेढा. तळहाताने मधोमध दाबा, कडकड आवाज येईल, तो कडीतल्या गोंदाचा असतो, घाबरू नका. जरा जास्तच ताणून रात्रभर ठेवा आणि सकाळी उतरवून पुन्हा लावा. आणि एक सवय लावून घ्या, निम्म्या लोकांचा प्रश्न तिच्यानेच सुटेल: सुरावर नेहमी खालून वर या. जास्त झालं तर तिथूनच सैल करून थांबू नका. सुराच्या खाली जा, मग वर चढवत आणा. उलट्या दिशेने सोडलेला रॉड आट्यात अर्धवट मोकळा राहतो आणि पहिल्या गाण्यातच खाली येतो.

घेण्याआधीच हे बघता आलं असतं

येतंच. वरच्यातलं बहुतेक सगळं विकणाऱ्याच्या घरी दहा-पंधरा मिनिटांत कळतं, फक्त तो हेड काढू देईल तर. खिशात चावी, टेप आणि मोबाइल असला की झालं. आधी विचारून घ्या.

‘काका, स्नेअरचं वरचं हेड काढून बघू का?’

‘अहो, वाजतोय की मस्त! उघडायचं कशाला?’

‘मीच परत बसवून देतो. तुमच्यासमोर.’

यावर जो हो म्हणतो त्याच्याशी भावाची बोलणी करावीत. जो नाहीच म्हणतो त्याचा सेट कितीही स्वस्त असला तरी तो सोडलेला बरा. नाशिकमध्ये सेट मुख्यतः दोन वाटांनी येतात. एक म्हणजे परीक्षा देऊन कंटाळलेल्या किंवा दहावी-बारावीला आलेल्या मुलांचे, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या फ्लॅटमधले. ते कमी वाजलेले असतात, सोसायटीने वाजवूच दिलेले नसतात. त्यात फार तर वॉशर आणि धूळ निघते. दुसरे ऑर्केस्ट्राचे. ते सगळं भोगून आलेले असतात, पण लाकूड चांगलं असेल तर त्यांच्यासारखा सौदा नाही, कारण लोखंड बदलता येतं. मुंबई-ठाण्याकडून आलेला सेट असेल तर क्रोमवर बारीक काळे-तपकिरी ठिपके बघा. समुद्राच्या हवेने आलेला गंज रॉडच्या आट्यांपर्यंत पोचलेला असतो. पाच ड्रमच्या सेटला वर-खाली मिळून दहा हेडं लागतात. दहाच्या दहा नाही, तरी तीन-चार बदलायचे पैसे धरूनच भाव सांगा.

सिंबलचा, म्हणजे सेटमधल्या धातूच्या थाळ्यांचा, विषय मोठा आहे, पण एवढं तरी करा: मधल्या भोकाला बोट फिरवून बघा. भोक लंबगोल झालं असेल तर ते प्लास्टिकच्या नळीशिवाय थेट स्टँडवर घासत वाजलंय. कडेला चीर असेल तर ती वाढणार. आणि भांड्यांच्या गावात राहतो म्हणून सिंबलला चिंच-मीठ लावू नका. भांडं लखलखतं, सिंबलवरचा कंपनीचा शिक्का जातो आणि किंमतही जाते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचं, बस.

पावसाळ्यात सेट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. जागाच नसेल तर निदान फरशीवरून उचलून फळीवर ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, आणि वर प्लास्टिकऐवजी जुनी सुती चादर टाका. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि गंज तिथेच वाढतो. हेडं पूर्ण सैल करून ठेवायची गरज नाही. पार सैल सोडलेल्या रॉडचे वॉशर पडतात आणि हेड शेलवरून हलतं. मध्यम, सगळीकडे सारखा ताण असू द्या. गणपतीच्या आधी सेट बाहेर काढाल तेव्हा रॉड पुसून तेलाचा थेंब द्या, आतले स्क्रू एकदा चाचपा आणि रेघा पुन्हा मारा. मार्करची रेघ वर्षभर टिकत नाही, पण क्रोमवर नेलपॉलिशचा ठिपका टिकतो. तो रॉडच्या डोक्यावर आणि रिमवर वेगवेगळा लावायचा, दोन्हीला जोडून नाही.

आणि वाकलेली कड, लंबगोल शेल आणि गेलेले आटे असं सगळं एकाच ड्रममध्ये निघालं तर त्याच्यावर खर्च करू नका. त्याचे चांगले रॉड, वॉशर आणि शाबूत लग काढून डब्यात ठेवा. बाकीच्या चार ड्रमना ते पुढची कित्येक वर्षं पुरतील.